विंडोजशेजारी उबंटू टाकताना पार्टिशनचे आकडे कसे ठरवायचे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की लॅपटॉपला ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी आहे, १६ जीबी रॅम, इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, विंडोज ११ काढता येत नाही कारण कॉलेजचं एक सॉफ्टवेअर त्यावरच चालतं, आणि शेजारी उबंटू २४.०४, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, टाकायचंय. सीनियरने एक जुनी पीडीएफ दिलीय, तिच्यात रूट २० जीबी, व्हार १० जीबी, टेम्प ५ जीबी, स्वॅप रॅमच्या दुप्पट म्हणजे ३२ जीबी आणि उरलेलं सगळं होमला असं लिहिलंय. हे असंच करू का? (पार्टिशन म्हणजे डिस्कचा वेगळा केलेला भाग. रूट म्हणजे लिनक्सची सिस्टिम जिथे बसते तो मूळ भाग, व्हार म्हणजे प्रोग्रॅमचा बदलता डेटा आणि लॉग, टेम्प म्हणजे तात्पुरत्या फाइल, होम म्हणजे तुमच्या स्वतःच्या फाइल, आणि स्वॅप म्हणजे रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा. व्हार, टेम्प वेगळं केलं नाही तर ते रूटमध्येच राहतं.)

नाही, असं नका करू. सर्व्हर लावायचं काम मी १८ वर्षं करतोय आणि मला आलेल्या "डिस्क भरली" च्या फोनांपैकी बहुतेक वेळा डिस्क भरलेलीच नव्हती, एक पार्टिशन भरलं होतं आणि शेजारचं रिकामं पडलं होतं. हे बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण माणसाने पैसे देऊन घेतलेली जागा त्याच्याच मशीनमध्ये असते आणि त्याला वापरता येत नाही.

एक प्रसंग सांगतो म्हणजे कळेल. एका पतसंस्थेचा सर्व्हर होता, १ टीबीची डिस्क, मीच लावलेला, आणि मी त्या वेळी असाच कुठला तरी तयार तक्ता डोळ्यासमोर ठेवून रूटला ३० जीबी देऊन बाकी सगळं होमला दिलं होतं. पहिली दोन वर्षं काही नाही. मग मार्चएंडला, ३१ तारखेला दुपारी, फोन आला की एंट्री सेव्ह होत नाहीये. जाऊन बघतो तर रूट १०० टक्के, होम २ टक्के. डेटाबेस मायएसक्यूएल ८ चा, त्याचा सगळा डेटा व्हारच्या खाली लिबमध्ये जातो, आणि व्हार रूटच्याच पार्टिशनवर. त्यातून आवृत्ती ८ मध्ये बायनरी लॉग, म्हणजे डेटात झालेल्या बदलांची नोंद, आपोआप चालू असतो आणि ३० दिवसांचा साठून राहतो, मार्च महिन्यात एंट्र्या इतक्या झाल्या की त्या लॉगनेच जागा खाल्ली. डेटाबेस बंद करून डेटाची फोल्डर होमवर नेली आणि आधी सिमलिंक, म्हणजे जुन्या जागेवरून नव्या जागेकडे नेणारा दुवा, टाकून बघितली, तर अ‍ॅपआर्मर आडवा आला, कारण कुठल्या प्रोग्रॅमने कुठली फाइल उघडायची याच्या त्याच्या यादीत नवीन जागा नव्हती. मग बाइंड माउंट केलं, म्हणजे डेटाबेसला रस्ता जुनाच दिसतो आणि खरी जागा होमवरची वापरली जाते, आणि काम सुरू झालं. पण तो पाऊण तास काउंटरपुढे लोक उभे होते. तेव्हापासून मी आकडा लिहायच्या आधी एकच गोष्ट विचारतो, या मशीनवर वाढणार काय आहे आणि ते लिनक्स कुठे ठेवतं.

तुमच्याही बाबतीत तिथूनच सुरुवात करायची. तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी म्हणजे साधारण काय काय येणार ते मला दिसतंय. डॉकर, म्हणजे प्रोग्रॅम त्याच्या सगळ्या साहित्यासकट डब्यात घालून चालवायचं साधन, येणार, त्याच्या इमेज आणि व्हॉल्यूम सगळं व्हारच्या आत जातं. मग प्रोग्रॅम टाकायची साधनं, स्नॅप, फ्लॅटपॅक आणि एपीटी. स्नॅपची अ‍ॅप व्हारमध्ये, वर स्नॅप प्रत्येक अ‍ॅपची मागची आवृत्ती पण सांभाळून ठेवतं. फ्लॅटपॅक टाकलं तर ते पण व्हारमध्येच. एपीटीने डाउनलोड केलेल्या डेब फाइल व्हारच्या कॅशमध्ये. व्हर्च्युअल मशीनसाठी व्हर्ट-मॅनेजर वापरलं तर त्याच्या डिस्क फाइल पण व्हारमध्येच, आणि तिथे एकेक फाइल २०-२० जीबीची होते. आता उलट बाजू बघा, अँड्रॉइड स्टुडिओचा एसडीके, एम्युलेटरची इमेज, ग्रेडलची कॅश हे सगळं होममध्ये. पायथनचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, कोंडा, नोडचे मॉड्यूल, तेही होममध्ये. एका पायटॉर्चच्या सेटअपला जीपीयूच्या लायब्ररी सकट कित्येक जीबी जातात, आणि मुलं प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं एन्व्हायर्नमेंट करतात त्यामुळे तेच पुन्हा पुन्हा. पण एनव्हिडियाचं कुडा टूलकिट वेगळं टाकलं तर ते युएसआर या प्रोग्रॅमच्या फोल्डरमधल्या लोकलमध्ये, म्हणजे परत रूटवर.

म्हणजे २० जीबी रूट आणि १० जीबी व्हार हे पहिल्याच सेमिस्टरला संपणार. उबंटू स्वतःच डेस्कटॉपला २५ जीबी मागतं, आणि ते नुसतं उभं राहायला.

आता त्या पीडीएफमधल्या एकेका ओळीबद्दल. ती चुकीची लिहिली होती असं मी म्हणणार नाही, ती त्या काळाची आहे. टेम्प वेगळं, युएसआर वेगळं, व्हार वेगळं असं करायचे कारण एका मशीनवर पंचवीस लोक लॉगिन करायचे आणि एकाने टेम्प भरलं तर बाकीच्यांचं काम अडू नये म्हणून. तुमच्या लॅपटॉपवर तुम्ही एकटे. टेम्पसाठी ५ जीबी अडवून ठेवायचं काहीच कारण नाही, डेबियन १३ या दुसऱ्या लिनक्सने तर टेम्प सरळ रॅममध्येच ठेवायला सुरुवात केलीय. व्हार वेगळं करणं सर्व्हरवर मी अजूनही करतो, लॅपटॉपवर नाही. युएसआर वेगळं तर आता कुठेच करू नका, आजच्या सिस्टिमला बूट होतानाच ते हाताशी लागतं.

स्वॅपचं "रॅमच्या दुप्पट" हे वाक्य तर मला वाटतं अजून वीस वर्षं जाणार नाही. ते आलं तेव्हा मशीनला आजच्या मानाने फारच थोडी रॅम असायची, आणि २००१ मधल्या २.४ कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, सुरुवातीच्या आवृत्त्यांना खरोखरच दुप्पट लागायचं. आज १६ जीबी रॅमवर ३२ जीबी स्वॅप भरायची वेळ आली तर मशीन त्याच्या कितीतरी आधी इतकं रखडलेलं असेल की माउससुद्धा हलणार नाही, तुम्ही पॉवर बटण दाबूनच बंद कराल. आजकाल उबंटू स्वॅपचं वेगळं पार्टिशन करतही नाही, १७.०४ पासून रूटमध्येच एक स्वॅप फाइल ठेवतं, आणि ते चांगलंय कारण फाइल उद्या काढून मोठी करता येते. फेडोरा या लिनक्सने २०२० मध्ये ३३ व्या आवृत्तीपासून झेडरॅम घेतलंय, त्यात रॅमचाच एक भाग दाबून भरून स्वॅपसारखा वापरतात. तुमच्यासाठी ८ जीबीची स्वॅप फाइल पुरे.

फक्त हायबरनेट पाहिजे असेल तर गोष्ट वेगळी, कारण तेव्हा रॅममधलं सगळं डिस्कवर उतरवायचं असतं, मग रॅमइतकं आणि वर थोडं, म्हणजे १८ ते २० जीबी धरा. पण उबंटूमध्ये हायबरनेट मुळात चालू नसतं, आणि सिक्युअर बूट चालू असेल तर कर्नल ते करूच देत नाही, त्यामुळे आधी ते खरंच वापरणार आहात का ते ठरवा. बॅग बंद करून घरी जाईपर्यंत सस्पेंड पुरतं बहुतेकांना.

आता खरा हिशोब. दुकानात ५१२ जीबी म्हणतात ते हजाराच्या पटीत, विंडोज मोजतं १०२४ च्या पटीत, म्हणून डिस्क मॅनेजमेंटमध्ये ४७६ जीबी दिसेल, फसवणूक वगैरे झालेली नाही. यातलं मी विंडोजला १९० ठेवीन, कॉलेजचं सॉफ्टवेअर आणि विंडोजचे स्वतःचे अपडेट यांना ते बास आहे, आणि लिनक्सला २८५. या २८५ मध्ये रूटला १००, होमला १५०, आणि ३५ जीबी कुणालाच द्यायची नाही. तशीच मोकळी सोडायची.

ही ३५ जीबी कुठे सोडायची हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. जीपार्टेड, म्हणजे पार्टिशन करायचा प्रोग्रॅम, उघडलंत की वर एक लांब पट्टी दिसते, प्रत्येक पार्टिशनचा चौकोन, त्यात वापरलेली जागा पिवळसर आणि रिकामी पांढरी. त्या पट्टीत डावीकडून उजवीकडे असा क्रम यायला पाहिजे, आधी रूट, मग मोकळी जागा, मग होम. का, तर ईएक्सटी४ (डिस्कवर फाइल मांडायची उबंटूची नेहमीची पद्धत, म्हणजे फाइलसिस्टिम) असलेलं पार्टिशन उजवीकडे वाढवणं म्हणजे फक्त शेवट पुढे सरकवायचा, चालू सिस्टिमवर होतं, एका मिनिटाचं काम. पण डावीकडे वाढवायचं म्हटलं की पार्टिशनची सुरुवातच बदलते, मग आतला सगळा डेटा उचलून मागे न्यावा लागतो, पेनड्राइव्हवरून लाइव्ह बूट करून, तास-तास चालतं, आणि मध्येच लॅपटॉपची बॅटरी संपली किंवा लाईट गेली तर डेटा गेला समजा. मोकळी जागा सगळ्यात शेवटी सोडलीत, होमच्या उजवीकडे, तर ती होमलाच सहज मिळणार आणि रूट भरला की परत तीच बोंब. रूट आणि होमच्या मधे सोडलीत की रूट भरला तर रूटला घ्या. होमला लागली तर लाइव्ह बूट करून बॅकअप घेऊन सरकवायची, पण होममधला पसारा तुमचा तुम्हाला आवरता येतो, रूटमधला तसा आवरता येत नाही, म्हणून सोय रूटची आधी बघायची.

कमी करणं हा वेगळा विषय आहे. ईएक्सटी४ लहान करता येतं पण अनमाउंट करून, म्हणजे वापरातून काढून. एक्सएफएस ही दुसरी फाइलसिस्टिम लहान होतच नाही, फक्त वाढतं, त्यामुळे एक्सएफएसवर आधीच भरमसाट जागा दिलीत तर ती परत घ्यायला फॉरमॅटच. म्हणून मी नेहमी सांगतो की आधी थोडं कमी द्या आणि हाताशी मोकळी जागा ठेवा, वाढवणं सोपं आहे, परत मागून घेणं अवघड.

कुणी म्हणेल होम वेगळं कशाला, सगळं एकच रूट करा. ते पण चालतं, त्यात काही गैर नाही, आणि एकच पार्टिशन असलं की एक भरलं एक रिकामं ही भानगडच राहत नाही. माझं मत होम वेगळं असावं असं आहे कारण तिसऱ्या-चौथ्या वर्षाची पोरं उबंटू दोनदा-तीनदा तरी नव्याने टाकतात, कधी ड्रायव्हर बिघडतो, कधी दुसरी डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा दुसरा प्रकार, बघायची असते, तेव्हा रूट फॉरमॅट करून होम तसंच ठेवता येतं. पण त्याला बॅकअप समजू नका, एसएसडी गेली की दोन्ही एकदमच जातात. आणि जर फेडोरा घेणार असाल तर हा सगळा प्रश्नच बदलतो, तिथे डेस्कटॉपला बीटीआरएफएस ही फाइलसिस्टिम येते, रूट आणि होम हे सबव्हॉल्यूम असतात आणि दोघं एकाच साठ्यातली जागा लागेल तशी घेतात, त्यामुळे आकडे ठरवायचेच नसतात. फक्त तिथे स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची जतन केलेली स्थिती, घेत असाल तर एक लक्षात ठेवा, फाइल डिलीट केली तरी जुन्या स्नॅपशॉटमध्ये ती असेपर्यंत जागा सुटत नाही, आणि लोक डिलीट करकरून थकतात.

ईएक्सटी४ बद्दल अजून एक, हे होमवर लगेच करण्यासारखं आहे. ईएक्सटी४ फॉरमॅट करताना ५ टक्के जागा रूट युजरसाठी, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य खात्यासाठी (रूट पार्टिशन नव्हे), राखून ठेवतं. सिस्टिमच्या पार्टिशनवर हे पाहिजेच, कारण डिस्क भरली तरी तेवढ्या जागेवर रूटला लॉगिन करून साफसफाई करता येते, मी त्याच ५ टक्क्यांवर किती तरी सर्व्हर सोडवलेत. पण १५० जीबीच्या होमवर तेच साडेसात जीबी होतात आणि तिथे त्यांचा उपयोग नाही. ट्यूनटूएफएस या कमांडने ते १ टक्क्यावर आणा, डेटाला काही होत नाही.

आयनोडचं, म्हणजे फाइलची माहिती ठेवणाऱ्या नोंदीचं, पण ऐकून ठेवा. ईएक्सटी४ साधारण दर १६ केबी जागेमागे एक आयनोड आधीच करून ठेवतं, आणि प्रत्येक फाइलला, फोल्डरलाही, एक आयनोड लागतो. नोड मॉड्यूलसारख्या फोल्डरमध्ये बारक्या बारक्या लाखो फाइल असतात, तर असं होऊ शकतं की डीएफ ही जागा दाखवणारी कमांड चालवून बघितलं तर ४० टक्के रिकामं आणि फाइल सेव्ह करायला गेलं की "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस". असं दिसलं तर डीएफला आय चा ऑप्शन लावून बघा, तिथे १०० टक्के दिसेल. लहान पार्टिशनवर हे लवकर होतं, व्हार १० जीबीचं वेगळं करू नका म्हणायचं हेही एक कारण आहे.

कर्नल ठेवायचं बूटचं वेगळं पार्टिशन तुम्हाला लागत नाही, ते रूटमध्येच राहू द्या. पण डिस्क एन्क्रिप्ट करणार असाल तर ते वेगळं होतं, मग मात्र १ जीबीच्या खाली जाऊ नका आणि २ दिलेत तर उत्तम. एकेक कर्नल त्याच्या इनिटरॅमएफएस या बूट होताना लागणाऱ्या फाइलसकट १०० एमबीच्या आसपास जातो, एनव्हिडियाचा ड्रायव्हर असेल तर अजून, आणि अपडेट होताना नवा-जुना असे दोन-तीन एकत्र असतात. जुन्या काळचं २०० एमबीचं बूट अपडेटच्या मधेच भरतं, पॅकेज अर्धवट बसतं आणि मग एपीटी काहीच करू देत नाही, हे निस्तरताना नवीन माणूस रडकुंडीला येतो.

लॅपटॉपवर ईएफआय पार्टिशन, म्हणजे बूटलोडर ठेवायची जागा, विंडोजने आधीच केलेलं असेल, १०० किंवा २६० एमबीचं. तेच वापरा, दुसरं करायची गरज नाही, उबंटू त्यात स्वतःचा बूटलोडर तेवढा ठेवतं, काही एमबीच लागतात, कर्नल तिकडे जात नाही.

सर्व्हरचं विचारलं नाहीत पण इंटर्नशिपला लागेल म्हणून सांगतो. तिथे एलव्हीएम, म्हणजे डिस्कची जागा व्हॉल्यूम ग्रुप नावाच्या एका साठ्यात ठेवून लागेल तशी वाटायची सोय, घ्या आणि त्या साठ्यात जागा शिल्लक ठेवा. उबंटू सर्व्हरचा इन्स्टॉलर तर हे स्वतःहून करतो, मोठ्या डिस्कवर रूटला १०० जीबीच देतो आणि बाकीचं मोकळं ठेवतो, आणि नवीन मुलं घाबरून विचारतात की ५०० जीबीची डिस्क आहे मग १०० च का दिसतात. ती जागा कुठे गेलेली नसते, व्हॉल्यूम ग्रुपमध्ये असते, एलव्हीएक्स्टेंड दिलं की पाहिजे तिथे मिळते, तीही सर्व्हर चालू असताना. डेटाबेसला वेगळा व्हॉल्यूम, लॉगला वेगळा, म्हणजे लॉग बोकाळला तरी डेटाबेस चालू राहतो. त्या पतसंस्थेत नंतर मी हेच केलं.

आता प्रत्यक्ष करताना. जागा कमी करायची ती विंडोजमध्ये बसून विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटने, लिनक्सवरून नाही. त्याच्या आधी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन, चालू आहे का बघा, नवीन लॅपटॉपवर बहुतेक असतं, आणि असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या, मोबाइलमध्ये फोटो पण काढा, कारण बूटमध्ये काही बदललं की विंडोज ती ४८ आकडी की मागतं आणि नसेल तर तुमचा डेटा तुम्हालाच बंद. फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोज पूर्ण बंद होतच नाही आणि लिनक्समधून सी किंवा डी ड्राइव्हवर लिहिता येत नाही. श्रिंकच्या, म्हणजे जागा कमी करायच्या, खिडकीत आकडा एमबीमध्ये मागतात, २८५ जीबीसाठी २९१८४० टाका. कधी कधी विंडोज म्हणतं की एवढी कमी होणार नाही, अर्ध्यावरच अडतं, ते मधे बसलेल्या न हलणाऱ्या फाइलमुळे, मग हायबरनेट बंद करा, पेजफाइल, म्हणजे विंडोजचं स्वॅप, तात्पुरती बंद करा, रिस्टोअर पॉइंट काढा, रीस्टार्ट करून परत बघा. काम झालं की पेजफाइल परत चालू करायला विसरू नका.

दोन्हीकडून वापरायला एखादं एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या फाइलसिस्टिमचं, पार्टिशन ठेवावं असं काहींना वाटतं, नोट्स, पीडीएफ, सिनेमे यांना ते ठीक आहे आणि ते विंडोजच्या १९० मधूनच काढा. पण कोडचे प्रोजेक्ट, पायथनचं एन्व्हायर्नमेंट, डॉकरचा डेटा तिथे ठेवू नका, लिनक्सची परमिशन आणि सिमलिंक तिथे नीट बसत नाहीत आणि एरर असे येतात की कारण सापडत नाही.

आणि मी दिलेले आकडे पण डोळे मिटून घेऊ नका. तुमच्या सीनियरचा लॅपटॉप असेल ना उबंटूचा, वर्षभर वापरलेला, त्याच्यावर एनसीडीयू हा जागा मोजणारा प्रोग्रॅम टाका आणि रूटपासून चालवा. पाच मिनिटांत दिसेल की व्हारमध्ये किती, होममध्ये किती, युएसआरमध्ये किती. त्याच्याकडे डॉकरच ६० जीबी खात असेल आणि तुम्ही पण तेच करणार असाल तर रूट १३० करा आणि होम १२०. त्याच्याकडे अँड्रॉइडचं काम जास्त असेल तर उलट. १ टीबीची डिस्क असती तर विंडोजला ३००, रूटला १५०, मधे १०० मोकळे, उरलेलं होम असं मी सांगितलं असतं.

इन्स्टॉलरमध्ये मॅन्युअल पार्टिशनिंग निवडा, २८५ च्या मोकळ्या जागेत आधी रूट करा १०० चं, मग होम करताना ते सुरुवातीला न चिकटता शेवटाकडे जाईल असं बघा, आणि इन्स्टॉलर तसं करू देत नसेल तर लाइव्ह सेशनमध्ये जीपार्टेडनेच आधी दोन्ही पार्टिशन करून घ्या आणि मग इन्स्टॉलरमध्ये फक्त नेमून द्या, रूटला फॉरमॅट, होमला फॉरमॅट. ईएफआयच्या पार्टिशनसमोर फॉरमॅटची खूण असेल तर काढा, तिथे विंडोजचा बूटलोडर आहे, ते पुसलं गेलं तर विंडोज उठणार नाही. शेवटच्या स्क्रीनवर काय काय पुसलं जाणार त्याची यादी येते, तिचा फोटो काढा, सावकाश वाचा, त्यात ईएफआय आणि विंडोजची पार्टिशन फॉरमॅटमध्ये नाहीत याची खात्री झाली की मगच इन्स्टॉल दाबा.